आपबीतीचे मोल

बाजारात काय विकत नाही असे कोणी विचारले, तर उत्तर देणे मोठे कठीण आहे. धान्य विकते, दूध विकते, पाणीही विकते. विद्या विकू नये असे शास्त्र सांगत असले तरी तीही विकली जाते, आणि छत्तीस वर्षे विद्याविक्रयावरच ज्याने संसार केला, त्या माझ्यासारख्या शाळामास्तराने त्याविषयी तक्रार करणे शोभणार नाही. परंतु गरिबांतल्या गरिबापाशीही एक वस्तू अशी असते की, तिची किंमत त्याला स्वतःला ठाऊक नसते आणि बाजाराला मात्र ठाऊक असते. ती वस्तू म्हणजे त्याच्यावर गुदरलेला प्रसंग. घर जळाले, गलबत बुडाले, मुलगा रणांगणावरून परत आला नाही, की दुसऱ्या दिवशी दाराशी मनुष्य येऊन उभा राहतो आणि नम्रपणे म्हणतो, "आपली हकीकत सांगा, आम्ही तिचा योग्य मोबदला देऊ." आपली आपबीती वृत्तपत्रांना व मासिकांना विकण्याचा हा व्यवहार केव्हा सुरू झाला, तो कोणाकोणाच्या हिताचा ठरला आणि कोठे घातक झाला, याचा इतिहास आज थोडक्यात आपणांपुढे मांडावयाचा आहे.

हा व्यवहार अगदी आजकालचा आहे अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाही. इंग्लंडात सतराव्या शतकाच्या उत्तरार्धातच तो चांगला मूळ धरून बसला होता, आणि त्याचे पहिले दुकान कोठे होते म्हणाल, तर तुरुंगात! लंडन शहरी न्यूगेट नावाचा प्रसिद्ध तुरुंग होता. फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांना अखेरच्या दिवसांत धर्मोपदेश करण्यासाठी तेथे एक पाद्री नेमलेला असे. कैद्याने पश्चात्ताप करावा, आपले पाप उघड बोलून दाखवावे, यासाठी त्याने झटावयाचे. ही कबुली ऐकता ऐकता पाद्रीबोवांच्या ध्यानात आले की, ईश्वराला ती जितकी प्रिय आहे, तितकीच लंडनच्या लोकांनाही आहे. मग कैद्याचे जन्मवृत्त, त्याचे अपराध व अंतकाळचे त्याचे वर्तन यांचे चोपडे छापून विकण्याचा प्रघात पडला. १६७६ पासून १७७२ पर्यंत हा क्रम चालू होता. या चोपड्यांचे चारशेहून अधिक अंक निघाले आणि त्यांत सुमारे २,५०० फाशी गेलेल्या माणसांची चरित्रे आली. अठराव्या शतकाच्या आरंभी या छपाईपासून पाद्रीबोवांना वर्षाला २०० पौंडांपर्यंत प्राप्ती होत असे. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती.

येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. हकीकत कैद्याची, गळा कैद्याचा, आणि पैसा मात्र दुसऱ्याचा! कैद्याला याचे वैषम्य वाटत नसेल असे नाही. काही कैदी पाद्रीबोवांपुढे तोंड उघडीत नसत. आपली हकीकत दुसऱ्या छापखानेवाल्याला देत. १७२४ साली जॅक शेपर्ड नावाच्या एका तरुण चोराने लंडन शहर हालवून सोडले होते. एका वर्षात तो चार वेळा कैदेतून निसटला. त्यांपैकी दोन वेळा तर न्यूगेटच्या भक्कम भिंतींतून. अखेर त्या वर्षीच्या १६ नोव्हेंबरला टायबर्न येथे त्याला फासावर चढविण्यात आले, तेव्हा त्याचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. ॲपलबी नावाच्या मुद्रकाने शेपर्डची स्वमुखाने सांगितलेली म्हणून एक हकीकत प्रसिद्ध केली. फाशीच्या जागी उभे असताना शेपर्डने त्या मुद्रकाच्या माणसाच्या हाती कागद दिले, असे सांगतात. मरणाऱ्या मनुष्याने स्वतःच आपल्या पुस्तकाची जाहिरात केली, असा हा प्रकार होय. पुढे ती हकीकत डॅनियल डीफो या सुप्रसिद्ध ग्रंथकाराने लिहिली असावी, असेही अनेकांनी म्हटले. तेव्हा "स्वमुखाने" या शब्दात स्व किती आणि मुख कोणाचे, हा प्रश्न या व्यवहाराच्या जन्मापासूनच त्याच्या पाठीस लागलेला आहे.

एवढ्यावरून हा व्यवहार सर्वस्वी हीन आहे असा निष्कर्ष कोणी काढील, तर तो अन्याय होईल. म्हणून दुसऱ्या बाजूचे एक उदाहरण सांगतो. अमेरिकेच्या यादवी युद्धातील विजयी सेनापती आणि १८६९ ते १८७७ या आठ वर्षांतील अध्यक्ष युलिसिस ग्रँट हा आयुष्याच्या शेवटी एका पेढीत भागीदार होता. भागीदाराच्या लबाडीमुळे ती पेढी १८८४ च्या मे महिन्यात बुडाली आणि राष्ट्राचा माजी अध्यक्ष एका दिवसात निष्कांचन झाला. त्याच सुमारास 'सेंच्युरी' नावाचे मासिक यादवी युद्धावर लेखमाला काढण्याच्या खटपटीत होते. त्याच्या चालकांनी ग्रँटला लढायांची हकीकत लिहिण्याची विनंती केली व प्रत्येक लेखास ५०० डॉलर देऊ केले. पूर्वी त्याने ही विनंती नाकारली होती. आता गरजेने ती मान्य करविली.

ग्रँटने शायलोच्या लढाईवर पहिला लेख लिहून धाडला. तो सरकारी अहवालासारखा रुक्ष होता. संपादकमंडळातील रॉबर्ट अंडरवुड जॉन्सन हा गृहस्थ मोठा चतुर. लेख परत न पाठविता तो स्वतः ग्रँटच्या भेटीस गेला, त्याच्याशी गप्पा मारू लागला, आणि त्या रात्री पाऊस कसा पडत होता, आपण कोठे बसलो होतो, मनात काय आले, असे ग्रँट बोलू लागताच त्याला म्हणाला की, लोकांना हेच ऐकावयाचे आहे. ग्रँटला लिहिण्याची किल्ली सापडली. लढाईचा वृत्तांत कोणीही लिहील. परंतु लढाई लढणाऱ्याच्या मनाचा वृत्तांत त्याच्यावाचून दुसरा कोण लिहिणार?

पुढे त्याच वर्षी त्याला घशाचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. बायकोमुलांना उघड्यावर टाकून मरावयाचे नाही, या एका निश्चयाने तो आत्मवृत्त लिहीत राहिला. मार्क ट्वेन या विनोदी लेखकाच्या प्रकाशनसंस्थेने त्याला निव्वळ नफ्यातील शेकडा सत्तर भाग देण्याचे कबूल केले. वाचा बसली तेव्हा ग्रँट कागदाच्या चिठोऱ्यांवर लिहून बोलू लागला. पण ग्रंथाचे काम त्याने थांबविले नाही. ते पुरे झाल्यावर थोड्याच दिवसांनी, २३ जुलै १८८५ रोजी, त्याचे देहावसान झाले. १८८६ च्या फेब्रुवारीत त्याच्या विधवेच्या हाती २,००,००० डॉलरची हुंडी पडली आणि एकंदर प्राप्ती चार लाखांवर गेली. आपबीती विकणे हे पाप असेल, तर अशा पापाने एका कुटुंबाची अब्रू राखली, असे म्हणावे लागेल.

आता ज्या प्रसंगाने या प्रश्नाचे दोन्ही पदर एकाच वेळी उघडे केले, त्याकडे वळू.

१९१२ सालच्या एप्रिल महिन्यात, १४ व १५ तारखांच्या मधल्या रात्री, 'टायटॅनिक' नावाची प्रचंड आगबोट हिमनगावर आदळून अटलांटिक महासागरात बुडाली, ही गोष्ट शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. सुमारे दीड हजार माणसे प्राणांस मुकली. सातशेहून थोडी अधिक वाचली. या बोटीवर बिनतारी संदेशाचे यंत्र चालविणारे दोन तरुण होते. ते बोटीच्या कंपनीचे नोकर नसून मार्कोनी कंपनीने नेमलेले होते. थोरला जॅक फिलिप्स. तो त्या रात्री दगावला. धाकटा हॅरल्ड ब्राइड, तो वाचला. योगायोग असा की, त्याचेही वय त्या वेळी बावीसच होते. बर्फाळ पाण्याने त्याचे पाय निकामी झाल्यासारखे झाले होते. 'कार्पेथिया' या बोटीने त्याला इतरांबरोबर उचलून घेतले. 'कार्पेथिया'वर हॅरल्ड कॉटम हा एकटाच संदेशवाहक होता. त्या रात्री तो निजावयास जाण्याच्या बेतात असताना केवळ दैवयोगाने त्याच्या कानी 'टायटॅनिक'ची हाक पडली होती. पुढे हा बिचारा रात्रंदिवस यंत्रापाशी बसून थकून गेला, तेव्हा ब्राइडला त्याच्या दुखऱ्या पायांसह उचलून यंत्राच्या खोलीत नेण्यात आले, आणि वाचलेल्या लोकांची नावे व त्यांचे निरोप ही दोघे मुले पाठवू लागली.

इकडे न्यूयॉर्कमध्ये काय स्थिती असेल याची कल्पना करा. कोण वाचले, कोण गेले, हे कळण्याचा मार्ग एकच, आणि तो त्या दोन तरुणांच्या बोटांतून जात होता. सहस्रावधी लोक बोटीच्या कंपनीच्या कचेरीसमोर उभे होते. खुद्द अमेरिकेचे अध्यक्ष टाफ्ट यांनी आपला लष्करी सहायक मेजर बट याच्याविषयी चौकशी केली. त्यासाठी 'चेस्टर' नावाची लढाऊ बोट समुद्रावर संदेश पाठवीत होती. उत्तर आले नाही. वर्तमानपत्रांनी प्रश्नांचा भडिमार चालविला होता. त्यांनाही उत्तर नव्हते. लोक चडफडू लागले. ही मुले गप्प का बसली आहेत?

१८ एप्रिलच्या रात्री साडेनवाच्या सुमारास 'कार्पेथिया' धक्क्याला लागली. अन्य वार्ताहरांना बोटीवर मज्जाव होता. परंतु स्वतः मार्कोनी बोटीवर चढला, आणि त्याच्यासमवेत 'न्यूयॉर्क टाइम्स' या पत्राचा एक वार्ताहरही आत गेला. ब्राइड यंत्राच्या खोलीतच होता. त्याने हकीकत सांगितली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ती त्या पत्रात झळकली. या हकीकतीबद्दल ब्राइडला १,००० डॉलर आणि कॉटमला त्याच्या हकीकतीबद्दल ७५० डॉलर मिळाले. दर महिन्यास काही थोडे पौंड मिळविणाऱ्या या मुलांच्या दृष्टीने ही रक्कम म्हणजे घबाडच होते.

लागलीच दुसऱ्या दिवशी अमेरिकेच्या वरिष्ठ सभेच्या समितीने चौकशी आरंभिली. मिशिगन प्रांताचे विल्यम आल्डन स्मिथ हे तिचे अध्यक्ष होते. समितीपुढे काही बिनतारी संदेश आले. बोट बंदराकडे येत असता मार्कोनी कंपनीच्या एका अधिकाऱ्याने ते ब्राइड व कॉटम यांस पाठविले होते, आणि आरमाराच्या एका जहाजाने ते मधल्यामध्ये टिपून ठेवले होते. त्यांचा आशय असा होता की, तोंड बंद ठेवा, हकीकत कोणास सांगू नका, तुमच्यासाठी मोठ्या रकमेची तजवीज केली आहे, मला भेटेपर्यंत काही बोलू नका. हे संदेश वाचले गेले तेव्हा लोकांचा संताप अनावर झाला, हे सांगणे नलगे. आप्तांच्या जीवनमरणाची वार्ता कळावी म्हणून आया व बायका टाहो फोडीत असता, ती वार्ता ज्यांच्या मुठीत होती त्यांनी ती चार पैशांसाठी दाबून ठेवली, असा याचा सरळ अर्थ लोकांनी लावला.

श्रोतेहो, हा अर्थ पूर्णांशाने खरा होता काय? इतिहास शिकविणाऱ्याने येथे क्षणभर थांबले पाहिजे. संदेश पाठविले गेले ते १८ तारखेच्या संध्याकाळी, बोट जवळजवळ बंदरात आल्यावर. तत्पूर्वी तीन दिवस जे मौन होते, त्याचे कारण हे संदेश असू शकत नाहीत. त्या दिवसांत कप्तानाच्या आज्ञेनुसार प्रथम सरकारी काम, मग वाचलेल्या उतारूंचे निरोप, असा क्रम ठरला होता. वर्तमानपत्रांच्या प्रश्नांना उत्तरे द्यावयाची नाहीत असे होते. एक थकलेला आणि एक जायबंदी, अशा दोन मुलांनी शेकडो नावे व निरोप त्या कमकुवत यंत्रावरून पाठवावयाचे होते. म्हणजे मौनाचे कारण लोभ नव्हे, तर कामाचा डोंगर हे होते. ब्राइडने आपल्या पायांकडे न पाहता ते काम केले, हे विसरता कामा नये.

असे असले तरी दोष उरतोच, आणि तो दोन मुलांपेक्षा त्यांच्या वडीलधाऱ्यांकडे अधिक जातो. मार्कोनीने समितीपुढे सांगितले की, कमी पगारावर खपणाऱ्या या मुलांना बक्षिसादाखल काही मिळावे असे आपणांस वाटले. हेतू वाईट नव्हता. परंतु संदेश पोहोचविणे हाच ज्याचा धंदा, त्याच्यापाशीच संदेश दाबून ठेवण्याचे द्रव्यरूप कारण निर्माण केले, तर उद्या लोकांनी कोणावर विश्वास ठेवावा? टपालवाल्याने पत्र उघडून त्यातली बातमी विकावी, त्यातलाच हा प्रकार. समितीने मे अखेरीस दिलेल्या अहवालात नेमके हेच म्हटले: अशी विक्री होऊ देणे व कंपनीच्या माणसांनीच तिची व्यवस्था करणे हे टीकेस पात्र आहे, आणि ही चाल बंद झाली पाहिजे. माझ्या मते या विषयावरील सर्वांत न्याय्य निवाडा तोच आहे. त्याने मुलांना फाशी दिले नाही, आणि व्यवहारालाही सोडले नाही.

या हकीकतीच्या खरेपणाविषयीही एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. फिलिप्स कामात गढलेला असता एका खलाशाने त्याचा तरंगण्याचा पट्टा हळूच काढून घेण्याचा यत्न केला, असे ब्राइडने सांगितले. वर्तमानपत्रात जे छापले आहे, त्यावरून त्या मनुष्याला ब्राइडनेच आडवे केले असे वाचकाला वाटते. समितीपुढे शपथेवर मात्र, आपण त्याला धरले आणि फिलिप्सने मारले, असे त्याने सांगितले. यात ब्राइड खोटे बोलला असे मी म्हणत नाही. पाय सुजलेले, मित्र मेलेला, समोर लेखणी घेऊन बसलेला मनुष्य, आणि उद्याच्या सकाळी पत्र निघावयाचे. अशा घाईत सांगितलेल्या व दुसऱ्याने लिहिलेल्या हकीकतीला न्यायासनापुढील साक्षीचे वजन देता येत नाही, एवढेच मला सुचवावयाचे आहे. पैसा घटना निर्माण करीत नाही. परंतु तो तिला रंग चढवितो.

ब्राइडचे पुढे काय झाले? त्याने या प्रसिद्धीवर जन्मभर पोट भरले असेल असे कोणास वाटेल. तसे घडले नाही. त्याने कालांतराने समुद्र सोडला, स्कॉटलंडात जाऊन फिरता विक्रेता म्हणून सामान्य मनुष्याचे जीवन पत्करले आणि 'टायटॅनिक'विषयी बोलणे होता होईल तो टाळले. १९५६ साली तो वारला. ज्याने एकदा विकले, त्यालाच मौनाची किंमत अधिक कळली, असे मला वाटते.

'टायटॅनिक'नंतर सात वर्षांनी, १९१९ साली, अमेरिकेत बर्नार मॅकफॅडन याने 'ट्रू स्टोरी' म्हणजे 'सत्यकथा' या अर्थाचे मासिक काढले आणि हा व्यवहार घराघरांत नेला. आता बुडत्या बोटीवर असण्याचे किंवा फाशी जाण्याचे कारण उरले नाही. सामान्य स्त्रीपुरुषांनी आपले प्रेम, आपली चूक, आपला पश्चात्ताप लिहून पाठवावा आणि पैसे घ्यावे. हकीकत खरी आहे असे प्रतिज्ञापत्र लेखकाकडून लिहून घेतले जाई. मासिकाचा खप लाखांच्या घरात गेला. परंतु जेथे सत्याला दर शब्दामागे भाव मिळतो, तेथे सत्य पैदा करणारे कारखानेही निघतात, हा बाजाराचा नियम आहे. धंदेवाईक लेखक दीनवाणा सूर काढून अशा कथा रचू लागले. १९२७ च्या सुमारास तर एका कथेत स्क्रँटन नावाच्या गावच्या खऱ्या रहिवाशांची नावे आली, आणि त्या आठ प्रतिष्ठित लोकांनी ५,००,००० डॉलरचा अब्रुनुकसानीचा दावा लावला. सत्यकथा खोटी ठरली, आणि त्यातली नावे तेवढी खरी निघाली!

परंतु अब्रूच्या हानीपेक्षाही मोठे संकट न्यायमंदिराच्या दाराशी उभे होते. १९६६ साली इंग्लंडात चेस्टर येथे बालकांच्या हत्येचा एक भयंकर खटला चालू असता, फिर्यादी पक्षाच्या मुख्य साक्षीदाराशी एका वर्तमानपत्राने त्याच्या हकीकतीबद्दल आधीच करार केला असून तो त्या पत्राकडून पैसे घेत आहे, असे उघडकीस आले. त्यानंतर तेथील प्रेस कौन्सिलने त्याच वर्षी या चालीविरुद्ध तत्त्वनिवेदन प्रसिद्ध केले. तरीही १९७९ साली लिबरल पक्षाचे माजी पुढारी जेरेमी थॉर्प यांच्यावरील खटल्यात त्याहून विलक्षण प्रकार बाहेर आला. फिर्यादीचा साक्षीदार पीटर बेसेल या माजी सभासदाने एका पत्राशी असा करार केला होता की, थॉर्प दोषी ठरल्यास त्याला ५०,००० पौंड मिळावे, आणि ते निर्दोष सुटल्यास त्याच्या निम्मे. म्हणजे साक्षीदाराची थैली निकालाच्या दोरीला बांधलेली! बचावाच्या वकिलाने ही गोष्ट पंचांपुढे आणली, आणि थॉर्प निर्दोष सुटले. बेसेल खरे सांगत होता की खोटे, हा प्रश्नच मागे पडला. कारण विकलेल्या सत्यावर विश्वास ठेवण्यास कोणी तयार नव्हते. ब्रिटनमधील संपादकांच्या आजच्या आचारसंहितेत चालू खटल्यातील साक्षीदारास पैसे देऊ नयेत, आणि निकालावर अवलंबून असा मोबदला तर कदापि ठरवू नये, असा स्पष्ट नियम आहे. त्या नियमामागे हा इतिहास आहे.

या सगळ्याच्या उलट आपल्याकडील एक उदाहरण सांगावेसे वाटते. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली कर्ज फेडण्यासाठी द्रव्य मिळवावे म्हणून उत्तरेकडे गेले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. झाशीचा पाडाव त्यांनी डोळ्यांनी पाहिला. घरी परतले ते दक्षिणेची थैली घेऊन नव्हे, तर खांद्यावर गंगेची कावड घेऊन. पंचवीस वर्षांनी चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून त्यांनी ती हकीकत लिहिली, आणि ती छापून निघाली १९०७ साली, तीही वैद्यांनी फेरफार करून. भटजींनी मिळविलेली खरी संपत्ती म्हणजे तो प्रवासच होता. जो मनुष्य पैशासाठी गेला, त्याची आपबीती काळाने पिकू दिली, म्हणून आज ती आपणांस इतकी गोड लागते. मूळ शब्द कोणते व संपादकाचे कोणते, हा प्रश्न मात्र तेथेही सुटला नव्हता. पुढे मूळ लेखावरून पुस्तक निघाले तेव्हाच तो मिटला.

आता अखेर, परक्यांच्या गोष्टी सांगून झाल्यावर, स्वतःची एक सांगणे प्राप्त आहे.

मी नोकरीत असताना आमच्या गावातील एका बाईचा नवरा विहिरीचे काम चालू असता दरड कोसळून मेला. पदरी दोन मुली. त्या सुमारास एका साप्ताहिकाने वाचकांकडून जीवनातील सत्य प्रसंग मागविले होते व छापल्यास मोबदला देऊ असे जाहीर केले होते. बाईला लिहिता येत नव्हते. तिने सांगितले, मी लिहून घेतले. अक्षर माझे, दुःख तिचे. हकीकत छापून आली. पाचशे रुपये आले. त्यांतून मुलींची पुस्तके व गणवेश झाले, आणि मला मोठी धन्यता वाटली. परंतु अंक हाती घेऊन पाहतो तो, मथळा भलताच झोंबणारा, आणि मध्ये सासूच्या निष्ठुरपणाविषयी चार वाक्ये अशी की, ती ना तिने सांगितली होती ना मी लिहिली होती. सासू त्याच घरात होती. शेजारच्या मुलाने तिला तो अंक वाचून दाखविला. दुसऱ्या दिवशी बाई शाळेच्या पायरीशी येऊन उभी राहिली. रागावली नाही. एवढेच म्हणाली, "गुरुजी, मी असं बोलले होते का?" मी म्हटले, "नाही बाई." ती म्हणाली, "मग आत्याबाईंना तुम्ही येऊन सांगा."

मी गेलो आणि सांगितले. म्हातारीने ऐकून घेतले. विश्वास ठेवला की नाही, हे आजतागायत मला समजले नाही. संपादकांना मी पत्र लिहिले, त्याचे उत्तर आले नाही. परंतु दोष केवळ त्यांचा होता असे म्हणून मी सुटत नाही. ती हकीकत एकट्या बाईची नव्हती. ती त्या सासूचीही होती, कारण मेलेला तिचा मुलगा होता. तिला विचारावे हे मला सुचले नाही. माझ्या ठिकाणी मार्कोनीची चांगली बुद्धी होती, आणि मार्कोनीचीच चूक.

तेव्हा उपदेश करण्याचा अधिकार नसला तरी, अनुभवाने शिकलेल्या चार गोष्टी सांगून हे भाषण संपवितो. आपबीती विकू नये असे मी म्हणणार नाही. ज्याच्यापाशी दुसरे काही उरले नाही, त्याने आपल्या दुःखाचे दोन पैसे केले तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार भरल्या पोटाच्या माणसाला नाही. ग्रँटचे उदाहरण त्यासाठीच सांगितले. परंतु एक तर, ज्या हकीकतीवर दुसऱ्याचा जीव, अब्रू किंवा न्याय अवलंबून आहे, ती आधी ज्याची त्याला पोहोचवावी, बाजार मागून. दुसरे, खटला चालू असेल तर साक्ष आधी न्यायासनापुढे द्यावी. तिसरे, आपल्या हकीकतीत आणखी कोण कोण उभे आहे ते मोजावे आणि त्यांना विचारावे. चौथे, छापण्यापूर्वी अखेरचा मजकूर वाचून दाखविला पाहिजे अशी अट लेखी घालावी, आणि आपल्या मूळ लेखाची एक प्रत घरी जपून ठेवावी. विष्णुभटांचा मूळ लेख टिकला म्हणून त्यांचे शब्द त्यांना परत मिळाले.

त्या बाईच्या लेखाची प्रत मी ठेविली नव्हती. ती असती, तर म्हातारीपुढे मला नुसती जीभ घेऊन जावे लागले नसते. कागद दाखविता आला असता. ती चूक आपल्यापैकी कोणाच्या हातून न होवो, एवढीच इच्छा.